पेन्सिलीतला एक

ताम्पेरेच्या क्रीडागृहात वर्षातून दोनदा
बास्केटबॉलच्या रिंगांखाली टेबलं मांडतात.
माझं कायम सतरा नंबरचं, रेडिएटरला खेटून.
उष्णतेनं रेकॉर्डी वाकतात, शेजारचा यार्मो दरवेळी बजावतो.
वाकू देत. सहासष्टीत मीही
फारशी सरळ राहिलेले नाही.

दार उघडलं की आधी ओल्या लोकरीचा वास आत येतो,
मग माणसं.
हातमोजे खिशात कोंबतात आणि बोटं कामाला लागतात,
सुपातले खडे निवडावेत तशी,
पुढे, पुढे, पुढे, थांब, नाही, पुढे.
बोलत कुणी नाही.
दोनशे माणसांत फक्त पुठ्ठ्यावर पुठ्ठा पडल्याची टपटप
आणि मागे कॉफीच्या यंत्राचं खाकरणं.

ओस्मो पार्किनेन मात्र निवडत नाही.
तो छोट्या रेकॉर्डी बघतो, मधलं भोक मोठं असलेल्या,
पाकिटातून अर्धवट उपसून,
चष्मा कपाळावर सारून लेबल डोळ्यांशी नेतो
आणि होती तिथे ठेवतो.
गाणारा कोण, चरे किती, कशाचीच चौकशी नाही.
सात वर्षं. एका सेंटची खरेदी नाही.
शेवटी मी कावले: अहो, हे काय वाचनालय आहे?

त्यानं दालचिनीच्या पावाचा घास आधी गिळला.
मग म्हणाला, मी ज्यूकबॉक्सवाला.
अडुसष्ट ते एक्क्याऐंशी.
वार्काउस, पिएक्सामाकी, मधले सगळे पेट्रोलपंप, सगळे बार.
महिन्याला एकदा पेटी उघडायची, नाणी मोजायची.
आत एक मोजणीयंत्र असायचं,
कुठली रेकॉर्ड किती वेळा लागली ते सांगणारं.
जुनी काढताना मी लेबलवर पेन्सिलीनं आकडा टाकायचो.
नव्वद. दोनशे बारा.
चारशे सहा, तो एक टँगो होता,
कागद गिरणीत संप होता त्या महिन्यात.

आणि एकीवर, एक.

म्हणजे?
म्हणजे अख्ख्या महिन्यात एक नाणं.
कुणीतरी उठलं, बटण दाबलं, ऐकलं, बसलं.
गाणं कुठलं होतं?
ते विसरलो, म्हणाला. आकडा लक्षात आहे.

पिन अडकणं म्हणतात ते हेच.
गाण्यावरच अडकली पाहिजे
असा काही नियम नाही.

परवाच्या सप्टेंबरात कोउवोलाला
एका बाईनं गॅरेज रिकामं केलं.
सफरचंदांच्या पेटीतून चाळीस रेकॉर्डी, सगळ्या मिळून वीस युरो.
त्यात ही. फिकट निळं लेबल,
त्यावर पेन्सिलीची एक उभी रेघ,
खाली किंचित वळलेली, घाईत लिहिल्यासारखी.
त्याचा एक असेल.
किंवा कुणी जुन्या बाजारात किंमत टाकली असेल,
एक मार्क्का. तेव्हा असंच लिहायचे.

घरी मधल्या भोकात प्लास्टिकची चकती बसवली,
सुई टेकवली.
करकर नाही. चटचट नाही.
पन्नास वर्षांची तबकडी
नुकत्याच पुसलेल्या काचेसारखी.
एक बाई गात होती, तळ्याबद्दल, होडीबद्दल,
आणि दुसऱ्या कडव्यात तिचा सूर
पायरी चुकल्यासारखा घसरला,
सावरला,
पण सावरल्याचं कळत राहिलं शेवटपर्यंत.
मला वाटतं मला समजलं,
दुसरं नाणं का पडलं नाही ते.
किंवा मला वाटतं, ज्यानं पहिलं टाकलं
त्याला ते एकच पुरलं.
मीही पुन्हा लावली नाही.
सुई उचलली, बोळा फिरवला, पाकिटात घातली,
आणि रात्री अंथरुणात लख्खकन आठवलं:
आता दोन झाले की.

आज मार्च आहे. बाहेर बर्फ काळा पडलाय.
ती मी चौथ्या खोक्यात ठेवलीय, मध्येच कुठेतरी,
किमतीची चिठ्ठी न लावता.
यार्मो विचारतोय, कसली एवढी वाट बघतेस?
दाराशी एक म्हातारा
वाफ धरलेला चष्मा स्वेटरला पुसतोय,
घाई नसल्यासारखा.